पाहणीपुरती भिंत

बातमी आणली रेडिओने. रेडिओ म्हणजे शेजारचा सुतार. त्याला बंद करायचं बटण नव्हतं, म्हणून गावाने ते नाव ठेवलं होतं. चपलेचा चिखल उंबऱ्याला पुसत तो म्हणाला, "ऐकलंत का? बजेट आलं."

"आमच्या गल्लीत तर नाही दिसलं," सून म्हणाली. ती छोटीचे लंगोट पिळत होती. थंडीचे दिवस, वर बारीक भुरभुर. बरेच दिवस ऊन नव्हतं. दोरीवरचे कपडे सुकायच्या आधी कुबट होत होते.

"येणार. तेच सांगायला आलोय. म्हाताऱ्यांची पेन्शन वाढवली. आणि ज्या घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळलाय, त्या घराला वेगळी मदत. महिन्याच्या महिन्याला."

कमावता माणूस खाटेवर होता. बांधकामावर परांचीवरून पडल्यापासून त्याचा उजवा पाय कंबरेपासून लाकडासारखा झाला होता. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, दर आठवड्याला आणा, पायाला मशीन लावू, व्यायाम देऊ. थंडी संपेपर्यंत ढिला झाला तर झाला, नाहीतर सांधा असाच धरेल. एकदा नेलं होतं. परत न्यायला गाडीचं भाडं जमलं नव्हतं. रेडिओचं बोलणं ऐकून तो छताकडे बघत राहिला.

"पण," रेडिओ म्हणाला.

"आला का पण?"

"एका चुलीला एकच मदत. घरात पेन्शनवाला जेवत असेल तर घराला काही नाही. चूल वेगळी असेल तर दोघांनाही. पाहायला माणूस येणार आहे."

पेन्शनवाला उंबऱ्याच्या आत पाटावर बसून गवंडीकामाच्या करणीची धार कानशीने घासत होता. काम नसे तेव्हाही तो हत्यारं घासत बसे. गाव त्याला मिस्त्री म्हणायचं. घरात तो आबा. त्याने मान वर केली नाही.

"मध्ये चादर बांधू," सून म्हणाली.

"चादर चालत नाही, वहिनी. भिंत बघतात. मी आईची चूल शेळ्यांच्या खोपटात मांडली. आई खूश आहे. म्हणते, शेळ्या तुझ्यापेक्षा कमी बोलतात."

रेडिओ गेला.

घर म्हणजे एक लांब खोली. पुढचं दार गल्लीत, मागचं परड्यात. पुढच्या अंगाला चूल आणि खाट, मागच्या अंगाला मोरी आणि आबांचं अंथरूण. मध्यावर छताची तुळई. ती वाकली होती, आणि तिच्याखाली एक लाकडी टेकू होता. पावसाळ्यानंतर नवीन तुळई घालू, असं मुलगा म्हणाला होता. मग तो पडला.

"आबा," सून म्हणाली, "होईल का?"

"विटा कुठल्या?"

"भिंत नको," खाटेवरून मुलगा म्हणाला. "बापाला घराबाहेर काढून सरकारचं खायचं?"

"बाहेर कोण काढतंय? दोन हातांवर तर असतील. पाहणी झाली की त्याच दिवशी ढकलून देऊ. आबा, कच्चीच रचा. नुसत्या विटा. दिसण्यापुरती."

आबांनी कानशी खाली ठेवली. तुळईकडे पाहिलं, टेकूकडे पाहिलं.

"बघू," म्हणाले.

"बघू काय? पाहणीपुरती म्हणतेय मी."

"बघू."

काम पुरं होईपर्यंत मिस्त्री कुणाला काही सांगत नसे. घरमालक येत, विचारत, ही खिडकी इकडे का? तो म्हणे, राहायला आल्यावर कळेल. निम्मे मालक चिडत. भर उन्हाळ्यात तेच मालक त्या खिडकीखाली खाट ओढत. पण तोवर मिस्त्रीचं नाव 'मुका मिस्त्री' पडलेलं असे.

विटा पडक्या गोठ्याच्या काढल्या. जुन्या, काळ्या कडांच्या. नवी भिंत जुनी दिसायला बऱ्या. सुनेने त्या घमेल्यातून आणल्या, हौदात बुडवल्या. पाण्यात वीट बुडली की बुडबुडे निघत आणि छोटी त्याकडे बोट दाखवून ओरडे. खाटेवर धूळ जाऊ नये म्हणून मध्ये चादर बांधली. मुलानेच सांगितलं, बांध. त्याला ते बघायचं नव्हतं.

आबांनी दोन्ही बाजूंना खिळे ठोकले. दोरी ताणून धरली आणि म्हणाले, "गाठ तू मार."

"तुमचा हात तिथेच आहे की."

"तू मार."

तिने मारली.

"आता दोन घमेली ठेव. एकात सिमेंटचा माल. एकात नुसती माती, गाळ काढून, चांगली मळून."

ती पायाने माती मळू लागली. माती गार होती, घोट्यापर्यंत कळ जात होती. सिमेंट थोडंच आहे, पुरवून वापरतायत, असं तिला वाटलं. बरं वाटलं. शेवटी कच्चीच बांधतायत तर. तिची बोटं सिमेंटने चिरली होती, रात्री छोटीला घेताना ती बाळाच्या झबल्याला अडकत. आबांचे गुडघे बसताना वाजत. एक थर झाला की ते ओळंबा सोडत, तो हलायचा थांबेपर्यंत श्वास धरत, मग करणीच्या दांड्याने एखाद्या विटेला टक्क करत. टक्क. पुढची वीट.

"पाहणीपुरत्या भिंतीला ओळंबा कशाला?" सून म्हणाली.

"तिरकी दिसली तर बघणाराला कळेल."

खरं होतं. तिने पुढची वीट हातात दिली.

भिंत डोक्यावर गेली तेव्हा आबा परड्यात गेले आणि सुनेच्या धुण्याच्या दगडाकडे बोट करून म्हणाले, "हा घ्यायचा."

"हा? मग धुणं कुठे धुऊ?"

"पत्र्यावर."

"पत्र्यावर कपडे फाटतात! अहो आबा, लग्न होऊन आले तेव्हापासूनचा आहे तो. विटा संपल्या का?"

"लागतो."

लांब, पसरट, मध्ये तिच्या हातांनी गुळगुळीत आणि किंचित खोलगट झालेला. दोघांनी तो आधी पाटावर, मग पिंपावर, मग छातीवर घेतला. दगड तिच्या बरगड्यांवर टेकला. आबांच्या मानेची शीर इतकी फुगली की तिला वाटलं, आता हे जातात आणि पेन्शनही जाते. असा विचार आला याची तिला लाज वाटली आणि तिने आणखी जोर लावला. दगड जाग्यावर बसला. आबांनी त्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच.

चादरीपलीकडून आवाज आला, "काय चाललंय?"

"काही नाही," आबा म्हणाले.

पुढचे थर त्यांनी तुळईपर्यंत नेले, शेवटी फटीत दगडाच्या चिपा घट्ट ठोकल्या. गिलावा झाला, वर चुना फिरवला. मग लाकडी हातोड्याचा एक दणका. काहीतरी जमिनीवर पडलं.

चादर सोडली. मुलगा आडवाच होता. आडव्या माणसाला पहिलं छत दिसतं. भिंतीकडे त्याने पाहिलंच नाही.

"आबा, टेकू कुठाय?"

"काढला. आता लागत नाही."

"म्हणजे तुळईचा भार भिंतीवर?"

"हो."

"एका विटेची, वरपर्यंत चिपा ठोकून बांधलेली भिंत. गच्च." तो कोपरावर उठला, चेहरा वेदनेने वाकडा झाला. "हिला कळत नाही, मला कळतं. ही आता ढकलायची कशी? छप्पर डोक्यावर घ्यायचं?"

सून वर बघत होती. खाली बघत होती. "आबा? तुम्ही तर मातीने बांधत होता."

आबांनी करणी पोत्यात गुंडाळली.

"पाहणीपुरती म्हटलं होतं ना?" मुलगा ओरडला. छोटी रडायला लागली. "की तुम्हालाच वेगळं व्हायचं होतं? अपंगाच्या शेजारी झोपायचा कंटाळा आला? तसं सांगायचं! मुकाट्याने भिंत कशाला बांधायची?"

आबांनी अंथरुणाची वळकटी काखेत घेतली, पुढच्या दाराने बाहेर पडले, गल्लीच्या टोकाला वळसा घालून, रेडिओच्या शेळ्यांमधून वाट काढत, परड्यातून मागच्या दाराने आपल्या घरी गेले.

*

इकडे

पहिल्या दिवशी सुनेने आबांसाठी ताट नेलं. गल्लीतून, पदराखाली झाकून. रेडिओने शेळ्यांजवळ अडवलं.

"वहिनी, वेडी का काय? ती पाहणीवाली बाई न सांगता येते. पलीकडच्या गावात तिने एकीला ताट नेताना पकडलं. दोन्ही मदती बंद. सासऱ्याचीसुद्धा."

"मग त्यांनी उपाशी राहायचं?"

"आई माझी शिजवतेय की. शेळ्यांनासुद्धा वाढते."

तिने ताट परत आणलं. भात गार झाला होता.

तिकडे

तीन विटांची चूल, एक पातेलं, एक चहाचं भांडं. आयुष्यभर त्याने इतरांची स्वयंपाकघरं बांधली होती, धूर कुठून जाईल हे त्याला भिंत उभी राहायच्या आधी कळायचं. भात मात्र खाली करपला आणि वर कच्चा राहिला. त्याने तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी बटाटे उकडले. बटाट्याला अक्कल लागत नाही.

पलीकडून तळणीचा वास येत होता. भिंतीला आवाज अडत नव्हता, वास अडत नव्हता. त्याने पाणी प्यायलं आणि भिंतीला पाठ टेकून बसला. पलीकडे सून म्हणत होती, "आता सगळ्यांचंच जेवण

इकडे

जास्त होतं. हात अजून चौघांचाच घेतो."

"ओत शेळ्यांना," नवरा म्हणाला.

भिंत सुकत नव्हती. बाकीची पांढरी पडत चालली होती, पण मध्यावर एक डाग राहिला. उभा, माणसाच्या उंचीचा, कडा सरळ. पाहणीवालीने बघितला तर ओली भिंत म्हणजे नवी भिंत, हे तिला कळायला वेळ लागणार नव्हता. सुनेने शेगडी ओढून त्याच्यासमोर ठेवली. राख चोळली. दिव्याची काजळी फडक्याने फिरवली. सकाळी डाग परत वर आलेला असायचा.

"नीट बांधता येत नाही म्हणावं तर असला मिस्त्री," ती पुटपुटली.

छोटी नुकती उभी राहायला शिकली होती. भिंत धरून चालायची. डागाजवळ थांबायची आणि तळहाताने थाप मारायची. थप.

आणि भिंतीतून उत्तर यायचं. टक्क.

करणीचा दांडा. छोटी खिदळायची, परत मारायची. थप. टक्क. नवरा खाटेवर डोळे मिटून पडायचा, पण थाप ऐकू आली की त्याचा श्वास थांबायचा आणि टक्क आलं की सुटायचा. सुनेने हे पाहिलं.

तिकडे

त्याला दिवसाचा अंदाज त्यावरून येऊ लागला. थापा थांबल्या म्हणजे बाळ झोपलं. मग तो चूल पेटवायचा, म्हणजे धूर झाला तरी चालेल.

एका दुपारी त्याने कान लावला तेव्हा पलीकडे मुलगा पाय उचलायचा प्रयत्न करत होता. डॉक्टरने शिकवलेलं. दात आवळून, अंक मोजत. मध्येच मोजणं थांबलं. मग हुंदका आवळल्यासारखा आवाज. मिस्त्रीने करणी उचलली, दांडा भिंतीजवळ नेला. वाजवावा की नाही. त्याने तो खाली ठेवला.

*

पाहणीवाली बाई आली ती भर भुरभुरीत, छत्री न घेता, बूट हातात धरून. पुढे रेडिओ. आधी ती मागच्या बाजूला गेली.

तिकडे

"नाव नको, यादीत आहे," ती म्हणाली. पाटावर बसली. पाय पुसले. वयाने सुनेएवढीच असेल, पण आवाज दमलेला. "एकटेच राहता?"

"हो."

"ही भिंत कधीची?"

मिस्त्री तोंड उघडणार तेवढ्यात दारातून रेडिओ म्हणाला, "ही? मॅडम, ही भिंत मी लहानपणापासून बघतोय! हिच्यावर आम्ही चेंडू मारायचो!"

"घराच्या आतल्या भिंतीवर?"

रेडिओ बंद झाला. गावाने हे आधी कधी पाहिलं नव्हतं.

बाई मिस्त्रीकडे वळली. "चहा कराल? थंडी आहे."

मिस्त्री उठला. काडेपेटी कोनाड्यात, साखर डब्यात, गाळणं खिळ्याला. हात कुठेही अडला नाही. मधल्या दिवसांत हात शिकले होते. त्याने चुलीत फुंकर घातली, भांडं ठेवलं, कान धरायला फडकं आपोआप खांद्यावरून ओढलं. बाई प्रत्येक हालचाल बघत होती. तिने पातेल्याचं झाकण उचललं. आत बटाटे.

"रोज बटाटे?"

"सोपे असतात."

"सुनेच्या घरी काय शिजतं?"

"वास येतो त्यावरून सांगतो. आज कांदा."

बाई पहिल्यांदा हसली. चहा प्यायली. तिने कागदावर एक खूण केली आणि म्हणाली, "तुमचं ठीक आहे. आता पलीकडे."

इकडे

सुनेने छोटीला कडेवर घेतलं होतं. घट्ट. सोडलं तर ती भिंतीकडे जाणार, थाप मारणार.

बाईने चूल पाहिली. खाट पाहिली, पायाचे कागद पाहिले. मग ती भिंतीजवळ गेली आणि डागावर तळहात ठेवला.

"इथे ओल आहे."

"पलीकडे त्यांची मोरी आहे," सून म्हणाली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, किती पटकन आलं. "सांगून सांगून थकले. पाणी भिंतीवरच मारतात."

"हं." हात डागावरून निघाला. बोटांना काजळी लागली होती. बाईने बोटांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, रुमालाला पुसली. "वेगळे का झालात?"

"पटत नाही."

"या गल्लीतलं चौथं घर आहे बाई हे. चारही घरांत पटत नाही. बजेट जाहीर झाल्यापासून या गावात कुणाचं कुणाशी पटत नाही. मला कारण लिहावं लागतं. 'पटत नाही' लिहिलं तर वरून परत येतं."

छोटी कडेवरून घसरायला बघत होती. हात भिंतीकडे लांबवत होती.

"बोला."

सुनेने ठरवून ठेवलं होतं. म्हातारा तिरसट आहे, खोकतो, जेवणाला नावं ठेवतो. ते सगळं जिभेवर आलं आणि खोटं वाटलं. काजळीच्या बोटांची ती बाई वाट बघत होती. खाटेवरचा पाय चादरीखाली दगडासारखा पडला होता. सून बोलायला लागली तेव्हा आवाज तिचा नव्हता.

"माझा नवरा परांचीवरून पडला तेव्हा हे तिथेच होते. खाली. मी डबा घेऊन गेले होते. मी पाहिलं. पोरगा मातीत पडलेला, पाय उलटा. आणि हे त्याच्याकडे गेले नाहीत. आधी दोरीकडे गेले. तुटलेली दोरी उचलली, गाठ बघितली. उलटीपालटी करून बघत बसले. तो ओरडत होता, आबा, आबा. आणि हे

तिकडे

दोरी बघत होते. मी धावले तेव्हा कुठे वळले. त्या दिवसापासून एक शब्द नाही. कसा आहेस, दुखतंय का, एक शब्द नाही. असल्या माणसाला ताट कसं वाढू?"

मिस्त्री भिंतीला पाठ लावून बसला होता. चहाचं भांडं हातात होतं. ते त्याने खाली ठेवलं, आवाज न करता.

पलीकडे कागदाचा आवाज. मग बाईचा. "लिहिलं. दोन चुली, मंजूर. पहिला हप्ता पुढच्या आठवड्यात मिळेल." थोडं थांबून, हळू: "पुढच्या बजेटनंतर परत पाहणी असते. दरसाल. ओल काढून घ्या तोवर."

मग थप.

बाळ सुटलं होतं.

थप. थप.

मिस्त्रीच्या हाताजवळ करणी होती. बाई अजून दारात होती, बूट घालत होती. त्याने हात उचलला नाही. बाईची पावलं गल्लीत गेली, रेडिओचा आवाज तिच्यामागे गेला, शेळ्या ओरडल्या, सगळं शांत झालं. थप. आता वाजवायला कुणाची हरकत नव्हती.

त्याने वाजवलं नाही.

*

इकडे

"मंजूर," सून म्हणाली. खाली बसली. "ऐकलंत? पुढच्या आठवड्यात गाडी ठरवू. तुमच्या पायाला."

नवऱ्याने चादर पायावर ओढली.

"खोटं बोलायचं होतं मला," ती म्हणाली. "जमलं नाही."

"खरं होतं ते."

"हो."

"मला वाटायचं, तू पाहिलं नसशील."

छोटी भिंतीशी उभी होती. थप. थांबली. कान लावल्यासारखी. थप. मग तिने ओठ काढला.

"आबा," सून मोठ्याने म्हणाली. "अहो आबा, ऐकलं का? मंजूर झालं."

काही नाही. चुलीचा वासही नाही. दिवस उतरायला लागला होता आणि त्या वेळी पलीकडे रोज धूर असायचा.

"आबा!"

ती वळसा घालून जायला उठली, चप्पल घातली, आणि दारात थांबली. जाऊन काय म्हणणार? ते मी त्या बाईला दाखवण्यापुरतं बोलले? ते तर खरं नव्हतं. ती परत आली, भिंतीजवळ. कोपऱ्यात खिळ्याला दोरी अजून लटकत होती, तिनेच मारलेल्या गाठीची. काम संपल्यावर ती सोडायला आबा विसरले नसते. त्यांनी तिला हात लावला नव्हता. *गाठ तू मार.* तिने त्या गाठीकडे पाहिलं. हात तिथेच असताना ते म्हणाले होते, तू मार.

"परांचीच्या दोऱ्या कोण बांधायचं?" तिने विचारलं.

नवऱ्यानेही दोरीकडे पाहिलं. "आबा," तो म्हणाला. "रोज सकाळी. दुसऱ्या कुणाला बांधू देत नसत."

छोटी रडता रडता डागाला टेकून बसली. सून तिला उचलायला वाकली तेव्हा खालून वरपर्यंत तो डाग तिला एकदम दिसला. रुंदी माणसाच्या खांद्यांहून थोडी जास्त. दोन्ही कडा ओळंब्यात. वर, हात उंच केला तर पोचेल अशा उंचीवर, आडवी सरळ रेघ. रेघेच्या वर भिंत कोरडी.

तिने उलथनं घेतलं. रेघेवरचा गिलावा खरवडला. पापुद्रा निघाला, मग ढलपी. आत वीट नव्हती. तिने बोटं घातली. गुळगुळीत, गार, मध्ये किंचित खोलगट. अंधारातही ओळखला असता.

"माझा दगड," ती म्हणाली.

"काय?"

"माझा धुण्याचा दगड. आम्ही दोघांनी चढवला तो. डागाच्या बरोबर वर आहे. आडवा."

नवरा कोपरावर उठला. भिंत उभी राहिल्यापासून पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. दगडाच्या लांबीवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग डागाच्या कडांवरून खाली.

"खालच्या विटा कशात बसवल्या?"

"दोन घमेली होती. एकात सिमेंट. एकात मी मळलेली नुसती माती."

तो हसला की कण्हला, तिला कळलं नाही. "अगं, लांब दगड दारावर घालतात. तुळईचा भार तो घेतो. मधल्या विटांवर काही नाही. नुसत्या भरल्यात." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी काय काय बोललो त्यांना."

"सांगायचं ना मग त्यांनी!"

"राहायला आल्यावर कळेल," मुलगा म्हणाला.

तिने उलथनं टाकलं आणि कोपऱ्यातली पहार ओढली. जड होती. बाळाला खाटेवर बापाच्या कुशीत ठेवलं. डागासमोर उभी राहिली, पाय फाकवून, जशी माती मळताना उभी राहायची.

दोन्हीकडे

पहिला घाव मध्यावर बसला. गिलावा उडाला, लाल वीट दिसली. दुसरा घाव. वीट हलली नाही. तिसऱ्याला तिच्या दंडात कळ गेली.

पलीकडे काहीच हालचाल नव्हती. तिने पहार उचलली.

"तिथे नको."

आवाज भिंतीच्या अगदी जवळून आला, इतक्या जवळून की तो पूर्ण वेळ तिथेच टेकून बसलेला असणार. घोगरा होता.

"वरून सुरू कर. दगडाखालची ओळ. पहार नको, उलथनं चालेल. सांध्यात घाल आणि हलव. माती आहे, सुटेल."

तिने पाट ओढला, त्यावर चढली. उलथनं सांध्यात घातलं. माती ओली होती, लोण्यासारखी कापली गेली. वीट डुगडुगली आणि पलीकडे ओढली गेली. कुणीतरी तिकडून धरली होती. त्या भोकातून आधी थंड हवा आली, मग विझलेल्या चुलीचा वास, मग चार बोटं, चुन्याने पांढरी, कडेला चाचपडणारी.

"आबा," खाटेवरून मुलगा म्हणाला. "पाय उचलतो आता थोडा. वीतभर."

बोटं थांबली.

"दुखतो का?" पलीकडून आवाज आला.

"दुखतो."

"हं," आबा म्हणाले. बोटांनी पुढची वीट धरली. ती हलेना. सुनेने घाईने उलथन्याचा दणका दिला, विटेचा कोपरा उडाला.

"अगं, हळू!" आबा ओरडले, जसे कामावर मजुरांवर ओरडायचे. "फोडू नकोस एकही. पुढच्या बजेटला परत लावायच्यात."